आत्ता काय टाळताय?

छातीत गाठ हाताला लागल्यापासून तीन आठवडे हेमांगी फोनमध्ये तोंड खुपसून रील्स बघत होती. डॉक्टरांना दाखवायला उद्या जाऊ, असं रोज ठरत होतं. फोन बाजूला ठेवला, की हात नकळत गाठीकडे जायचा आणि ती पुन्हा फोन उचलायची.

शेवटी तिने रील्सना लगाम घालणारं ॲप घेतलं. रील्स उघडताना ते विचारायचं, ‘आत्ता काय टाळताय?’ उत्तर लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नसे. आधी तिने लिहिलं, ‘भांडी’. मग ‘इस्त्री’. चौथ्या दिवशी लिहिलं, ‘गाठ’. तो शब्द समोर दिसताच तिला रडू फुटलं. तिने लगेच ताईला फोन लावला.

“दवाखान्यात माझ्याबरोबर येशील?”

“निघालेच,” ताई म्हणाली.

तपासण्या झाल्या. आठवड्याने डॉक्टरीणबाई रिपोर्ट वाचून हसल्या. “साधी गाठ आहे, कॅन्सर नाही.”

बाहेर येताच ताईने पाठीत धपाटा घातला. “तीन आठवडे एकटीने सोसलंस? मी काय मेले होते?”

हेमांगी रडता रडता हसली.

“ताई, भूक लागलीय गं,” ती म्हणाली. “कितीतरी दिवसांनी.”