गुळव्याची बोटं

“दाबलं की! तुमचं यंत्रच भैरं हाय.”

गणपतरावांनी पुन्हा बोट टेकवलं. पडद्यावरचं वर्तुळ ढिम्म राहिलं. चाळीस वर्षं काहिलीतला उकळता पाक चिमटीत धरून गूळ झाला की नाही ते सांगणारी ती बोटं. कातडं दगडासारखं झालेलं. यंत्राला ती बोटं वाटतच नव्हती.

गेल्या हंगामात त्यांच्या हातून दोनदा गूळ करपला. एकदा तर पेटत्या चुलवाणाच्या काठावर उभं राहून, आपण इथं कशाला आलो, असं त्यांनी विचारलं. मालकानं स्पष्टच सांगितलं, “डॉक्टरचा कागद आणा, मगच काहिलीजवळ या.” सोमवारी गुऱ्हाळ पेटणार होतं. म्हणून त्यांची मुलगी क्रांती त्यांना राजारामपुरीतल्या या दवाखान्यात घेऊन आली होती.

चाचणी साधी होती. आधी आकडा, मग अक्षर: एक, मग क. दोन, मग ख. पूर्वी ही वर्तुळं कागदावर पेन्सिलीनं जोडायची. आता पडद्यावर, बोटानं.

“याचं पेन हरवलंय,” चाचणी घेणारी हुस्ना म्हणाली. “ताई, काका दाखवतील तिथं तुम्ही बोट लावा.”

क्रांती शेजारी सरकली.

“हितं,” गणपतराव म्हणाले. तिनं बोट लावलं. “आता हितं.” लावलं. वर्तुळं एकामागून एक हिरवी होत गेली. बापलेकीची लय जमली. पुढं पुढं तर तिचं बोट पोचायचं आणि मग त्यांचं “हं” यायचं.

“बघा बाई! म्हातारा पक्का हाय का न्हाय?”

“पक्के आहात की,” हुस्ना हसली. “चाळिशीतल्या माणसासारखा निकाल आलाय.”

तिनं छापलेला कागद क्रांतीच्या हातात दिला. गणपतरावांनी चपला घातल्यासुद्धा.

“चल क्रांते. सोमवारची पैली काहील मीच उतरवणार. मालकाला तोंडावर दाखीव त्यो कागद.”

किती महिन्यांनी त्यांची मान अशी ताठ झाली होती. क्रांती बघत राहिली. मग तिनं कागद हुस्नासमोर परत ठेवला.

“मॅडम, जुना कागद आणि पेन्सिल असली तर काढा,” ती म्हणाली. “हा निकाल माझा हाय.”