रस्ता श्वास घेतो

दिवे लागले तसे सगळे सिनेमावर तुटून पडले. साताऱ्याच्या या फिल्म सोसायटीचा रिवाजच तसा. चहा येईपर्यंत फक्त उणिवा काढायच्या, कौतुक चहाबरोबर.

"गोष्ट कुठाय यात? दोघं मित्र गांजा ओढतात आणि गाडी हाकतात, बस्स!"

"अर्धा तास तर सहज उडवता आला असता."

उणिवा काढण्यात एरवी इंदुमती रेग्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आज मात्र त्या कोऱ्या पडद्याकडे टक लावून बसल्या होत्या.

चहा आला. "बाई, निदान कौतुक तरी करा," सचिव कर्णिक म्हणाले.

"ते दोघं गांजा ओढून घाटातून जातात ना, त्या प्रसंगात रस्ता श्वास घेत होता," त्या हळूच म्हणाल्या. "डांबर छातीसारखं वरखाली होत होतं. माझा धाकटा भाऊ गोकर्णहून परतला की हेच सांगायचा. 'ताई, रस्ता श्वास घेतो गं, डोंगर सरकून वाट देतात.' आम्ही म्हणायचो, नशेतली बडबड. त्या नशेनंच त्याला नेलं. त्याला काय दिसायचं, ते आज मला दिसलं. इतकं सुंदर असेल असं वाटलं नव्हतं हो."

कर्णिकांनी चहाचा कप त्यांच्या हातात दिला.

"आणि उणीव?" कुणीतरी विचारलं.

"घरी वाट बघणारं माणूस एकदाही दाखवलं नाही."

कर्णिक उठले. कुणालाही न विचारता त्यांनी दिवे मालवले आणि तो प्रसंग पुन्हा लावला.

इंदुमतीबाई खुर्चीत पुढे सरकल्या. समोर रस्त्यानं श्वास घेतला.