मलकापूरचे मालक

"उद्या महालक्ष्म्यांची सवाष्ण म्हणून तुमीच जेवाले बसाचं," रुखमाबाई म्हणाल्या, आणि कोकिळाबाईंनी ओठाला लावलेला चहाचा कप खाली ठेवला.

साखरखेर्ड्याच्या एस.टी. थांब्याजवळ रुखमाबाईंची खानावळ होती. मागे एक खोली. ती त्या फक्त बायामाणसांना देत. रुखमाबाई मूळच्या वडनेर भोलजीकडच्या, पोटामागे इकडे आलेल्या. मालक खामगावला अडत्याकडे कामाला आहेत, असं त्या सांगत. कुणी खानावळीत वेडंवाकडं बोललं की म्हणत, "येऊ द्या मालकाले, सांगतो त्याहिले." मालक काही येत नसत, पण बोलणारा गप्प बसे.

या खोलीत मुक्कामाला असणाऱ्या कोकिळाबाई ग्रामसेविका होत्या. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि बिनधुराच्या चुली, बाळाची आंघोळ, बाळंतिणीचा आहार हे सगळं घरोघर पोचवायचं काम त्यांच्यासारख्या बायांकडे आलं होतं. ऑफिसातल्या साहेबांनी एकदा जीप देऊ केली होती. कोकिळाबाईंनी हात जोडले. जीपमधून उतरलेल्या बाईशी गावातल्या बायका बोलत नाहीत आणि पुरुष नको तेवढं बोलतात. त्या एस.टी.नं येत, पुढं बाजाराच्या बैलगाडीत बायकांमध्ये दाटीवाटीनं बसत, नाहीतर निंदणाहून परतणाऱ्या बायांबरोबर पायी चालत. बायांच्या घोळक्यात त्यांना कधी भीती वाटली नाही.

फक्त एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे. "मालक काय करतात?"

नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी खरं उत्तर दिलं होतं. ऐन तारुण्यात नवरा तापानं गेला. ते ऐकून एका घरानं बाळंतिणीच्या खोलीचं दार लोटून घेतलं. दुसऱ्या गावी दिवेलागणीला एक प्रतिष्ठित गृहस्थ आले आणि "एकट्याच आहात, काही लागलं तर सांगा" म्हणत उंबऱ्यावरून हलेचनात. त्या रात्री कोकिळाबाई दाराला पाटा लावून बसून राहिल्या. पुढच्या बाजारात त्यांनी काळी पोत घेतली, कपाळाला कुंकू लावलं आणि नवऱ्याला मलकापूरला रेल्वेत चिकटवून टाकलं. मलकापूर लांब, घाटाखाली, त्यातून रेल्वे. चौकशीला जातो कोण? नवराही झकास जमला. दारू नाही, विडी नाही, वर आवाज चढवणं नाही. बायकोला नोकरीला त्यानंच धाडलेलं.

रस्त्यावरचं खोटं त्यांना कधी बोचलं नाही. पण हे रस्त्यावरचं नव्हतं. उद्या रुखमाबाई देवीपुढं त्यांचे पाय धुणार, ओटी भरणार, आपल्या मालकाच्या आयुष्यासाठी त्यांना नमस्कार करणार. जिनं आपल्याला छप्पर दिलं तिच्याच कुंकवाशी असा खेळ करायचा?

आणि खरं सांगावं तर खोली जाणार. साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं, मुक्कामाची सोय नसेल तर ही गावं पुरुष ग्रामसेवकाकडे जातील आणि तुमची जागा राहणार नाही. या गावात दुसरं दार नव्हतं. माहेरी भावाच्या संसारात परत जाऊन भाकरीसोबत टोमणे खायचे, एवढंच उरणार होतं.

बाहेर रुखमाबाई आंबिलीसाठी ज्वारीच्या कण्या सुपात पाखडत होत्या. कोकिळाबाई त्यांच्यापुढं जाऊन बसल्या.

"रुखमाबाई, उद्या दुसरं कुणी सांगा. मी सवाष्ण नाही. मलकापूरला माझं कुणीच नाही. हे कुंकू मी वाटेपुरतं लावते." त्यांनी एका दमात सांगून टाकलं. "सकाळच्या गाडीनं मी जाते."

रुखमाबाईंचं सूप थांबलं नाही.

"मले ठाऊक हाये."

"कोणी सांगितलं?"

"सांगाले कायले पाहिजे? नवरेवाली बाई बसली का पह्यले नवऱ्याचं गाऱ्हानं सांगते. तुमचा तं देवमानूस. असा नवरा कोन्या बाईले भेटला हो आजवर?"

कोकिळाबाईंना हसू आलं आणि त्याबरोबर रडूही. पदरानं त्यांनी दोन्ही पुसलं.

"मग माहीत असून मलाच का सांगितलं? गावात सवाष्णींना काय तोटा?"

रुखमाबाईंनी सूप खाली ठेवलं. थांब्यावर कुणी नाही, हे एकदा पाहून घेतलं.

"खामगावलेबी कोनी नाही, बाई. वडनेरलेच गेले ते, पटकीत. एकटीनं खानावळ चालवाची तं मालक पाहिजेच, म्हनून ठेवले खामगावले." त्यांनी सुपातला एक खडा वेचून टाकला. "महालक्ष्म्या टाळत आली मी. कधी सुतक सांगतलं, कधी विटाळ. औंदा बाया इचारून राह्यल्या, काऊन हो, सवाष्ण असून तुमच्या घरी महालक्ष्म्या काऊन नाहीत? मांडाच लागते. पन खऱ्या सवाष्णीची ओटी मी कशी भरू? माह्या हातानं तिच्या धन्याचं काही वाईट झालं म्हंजे?"

कोकिळाबाईंचा हात कपाळावरच्या कुंकवाकडे गेला.

रुखमाबाईंनी सूप पुन्हा हातात घेतलं. "तुमच्या मलकापूरवाल्याले तेवढी भीती नाही."