ढिली वायर

मशरूमच्या शेडमधलं गरम-थंड हवेचं मशीन ऊन तापलं की बंद पडायचं. वैजयंताने फ्यूज बदलला, नवा कपॅसिटरही बसवला. संध्याकाळी वायरमन आला, त्याने मीटर लावून पाहिलं, तर सगळं ठीक. जाताना मात्र तो म्हणाला, "झाकणाचे स्क्रू कुणीतरी सारखे काढतंय, ताई."

वैजयंताच्या मनात लगेच धाकटी जाऊ आली. या शेडमध्ये जावेला शिवणाचा वर्ग काढायचा होता. शेड वैजयंताला मिळाली आणि दोघींचं बोलणं तुटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती रोजच्यासारखी बाजाराला म्हणून निघाली आणि अर्ध्या वाटेवरून परतली. शेडमध्ये जाऊ स्टुलावर उभी होती. मशीनचं झाकण खाली पडलेलं आणि तिचा हात आत.

"माझं पीक नासवायला निघालीस?"

जाऊ दचकली, पण तिने हात काढला नाही. लाकडी उलथन्याने तिने एक वायर दाबून धरली होती आणि मशीनचा पंखा चालू होता.

"उन्हाने तापली की ही निसटते, अक्का. तुम्ही बाजारातून येईपर्यंत मी अशी धरून ठेवते."

"मग मला सांगायचं नाही?"

"तुम्ही बोलता कुठे माझ्याशी?"

वैजयंताने मेन स्विच बंद केला, शेजारी दुसऱ्या स्टुलावर चढून पेचकसाने वायर घट्ट आवळली आणि खाली उतरून स्विच पुन्हा लावला. पंखा फिरू लागला. जावेचे पाय उभं राहून आखडले होते. वैजयंताने हात पुढे केला.

"धर. सावकाश उतर."