रुंद चाकं

"आई, तुझ्याच बाजूचं चाक घासतंय बघ," वळणावर रियोजी कुरकुरला.

"म्हणजे माझंच वजन वाढलं म्हण की!" शिझुए हसली. "सूनबाईनं दिलेले भाताचे गोळे तूच खा मग."

आपल्या लाल स्पोर्ट्स कारला त्यानं हौसेनं रुंद चाकं बसवली होती, बोटभर बाहेर आलेली. गाडी जरा दबली की टायर वरच्या पत्र्याला घासायचा. घरात सगळे 'चार दिवस हवापालट' म्हणत होते. पण मे महिना असून मागच्या बॅगेत तिचे लोकरीचे कपडे होते आणि गाडी नागानोच्या डोंगरावरच्या वृद्धाश्रमाकडे चढत होती.

पुन्हा घर्र झालं. रियोजीनं वेग इतका कमी केला, की सायकलवरचे एक आजोबा पुढे निघून गेले.

"गॅरेजवाल्यानं माप घेतलं ना, तेव्हा गाडीत मी एकटाच बसलो होतो गं. तुझं वजन धरलंच नाही. तुला परत न्यायला येण्याआधी पत्रा वळवून घेतो."

शिझुएनं गिअरवरचा त्याचा हात थोपटला.

"राहू दे रे. माप बरोबरच घेतलंय त्यानं. मी आता परत येणार नाहीये."