बिनबँडचं लग्न

गोरक्ष हा धरणाच्या फुगवट्यावर येणाऱ्या पर्यटकांना पक्षी दाखवायचं काम करतो. घर काठालाच. गेल्या डिसेंबरात पोरीच्या लग्नात त्याने बँड लावू दिला नाही, कारण पाणथळ राखीव आणि रोहित पक्षी नुकतेच उतरलेले. वऱ्हाडी रुसले. पूजा तर सासरी जाताना बापाशी बोललीसुद्धा नाही.

यंदाच्या पक्षी महोत्सवात, पाणथळीवर शांतता राखल्याबद्दल त्याचा सत्कार ठरला. त्याने पूजाला येवल्याला फोन लावला. "ये एकदा. तुझा बँड कशापायी अडवला ते डोळ्यांनी बघ."

ती पहिल्या एसटीने आली. तिला फाट्यावरून घेऊन तो बांध चढू लागला, तोच पलीकडून ढोल कडाडले. दोघं धावत वर पोचली तेव्हा पाण्यावर एकही पक्षी उरला नव्हता.

"अहो, बंद करा ते! पक्षी उडाले सगळे!" गोरक्ष ओरडला.

"गोरक्षभाऊ, तुमच्याच सत्काराचे ढोल आहेत," आयोजक हसत म्हणाले. "साठ जणांचं पथक आणलंय. चला, पाहुणे थांबलेत." आणि हाताला धरून त्याला मंचावर नेलं.

तो खाली उतरला तेव्हा हातात सन्मानचिन्ह होतं: रंगवलेला लाकडी रोहित. पूजाने रिकाम्या पाण्याकडे पाहिलं, मग बापाच्या हातातल्या पक्ष्याकडे.

 

"आण्णा, याला तर माझा बँड चालला असता की!"