कुंभकर्णाची पाटी

शाळा सुटल्यावर मी बाईंच्या टेबलावर पुठ्ठ्याची ‘कुंभकर्ण’ पाटी आपटली. वर्गात डुलकी लागली की बाई ती माझ्या सात वर्षांच्या लेकीच्या गळ्यात अडकवायच्या. “श्वास सोडून नाक-तोंड दाबा. मी घड्याळ लावते,” मी म्हटलं. बाई हसल्या, पण मी हटत नाही म्हटल्यावर त्यांनी दाबलं. पंधराव्या सेकंदाला चेहरा लाल झाला, विसाव्याला हात सुटला. मी झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट पुढे सरकवला. “झोपेत लेकीचा श्वास असाच अडकतो. तासाला बावीस वेळा. रात्रभर श्वासासाठी झगडते आणि सकाळी तुमच्यासमोर पाढे म्हणते.” बाईंनी पाटी फाडायला उचलली. “फाडायची नाही. टॉन्सिलचं ऑपरेशन होऊन पोर परत शाळेत येईपर्यंत तुम्ही घालायची. वर्गासमोर.” त्यांनी ती गळ्यात घातली. दुसरी पाटी माझ्या पिशवीत होती, माझ्यासाठी. त्याच आजारानं रात्री लेकीचं अंथरूण ओलं व्हायचं, तेव्हा तिला मीच बदडलं होतं.